पेनरोजचं सुतक

शनिवारी संध्याकाळी श्रीधरकाका लासूरकर कुणाचं काम करत नाहीत. एरवी औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडो की कुणाची मोटार पाणी ओढेनाशी होवो, पहिली हाक काकांनाच जाते. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर काही गेला नाही. शनिवारी मात्र ते ओट्यावर मोबाइल घेऊन बसतात आणि मॅच संपेपर्यंत त्यावरचा एक आकडा बघत राहतात. इंग्लंडातल्या वेदरली गावाचा फुटबॉल क्लब हा काकांचा क्लब. तो आता तिथल्या कुठल्यातरी खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो. त्याच्या मॅच टीव्हीवर लागत नाहीत. मोबाइलवर नुसता स्कोअर येतो, आणि तोही बहुतेक वेळा शून्यच असतो.

मी काकांचा भाडेकरू. मूळचा बिडकीनचा, वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. एका शनिवारी न राहवून मी विचारलं, "काका, दिसत तर काहीच नाही. मग बघता काय?"

"दिसायला कशाला पाहिजे?" काका म्हणाले. "आम्ही सगळं ऐकूनच केलंय."

आतून आवाज आला, "ऐकून काय काय केलंय ते सांग की त्या पोराला. माझं लग्न मोडत होतं ते सांग."

त्या काकांच्या थोरल्या बहीण कालिंदीआत्या, पैठणहून चार दिवस राहायला आल्या होत्या. मग दोघांनी मिळून जे सांगितलं ते हे. सांगणं बहुतेक कालिंदीआत्यांचं. काका मधेमधे फक्त दुरुस्त्या करत होते.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि काका मॅट्रिकला होते. वडील श्रीनिवासराव कोर्टात कारकून. पिढीजात धंदा भिक्षुकीचा, त्यामुळे कचेरीत जायच्या आधी दोन-तीन यजमानांकडच्या पूजा उरकायचे. आई लवकर गेलेली. वडिलांची विधवा बहीण मनकर्णाआत्या, तिनंच दोघा भावंडांना वाढवलं. घरात चैनीची म्हणावी अशी एकच वस्तू, ती म्हणजे रेडिओ. पोलीस ॲक्शननंतर एक निजामी अंमलदार बिऱ्हाड आवरून हैदराबादला गेला, त्याच्या सामानातून तो श्रीनिवासरावांनी घेतला होता. देव्हाऱ्यापेक्षा थोडासाच लहान. लावला की आतले व्हॉल्व्ह तापायला वेळ लागायचा, आणि तोवर घर गप्प बसून वाट बघायचं.

श्रीधर आमखास मैदानावर शाळेच्या संघाचा गोलकीपर होता. एका शनिवारी जेवणं झाल्यावर तो सिलोनची गाणी शोधत काटा फिरवत होता. मधेच एक प्रचंड कल्ला लागला. आधी त्याला वाटलं, कुठं दंगल झाली. मग इंग्रजीत कुणीतरी धावत्या गाडीसारखा बोलायला लागला आणि श्रीधरला कळलं, ही मॅच आहे, विलायतेत, आत्ता चाललेली. वेदरलीचा संघ सडकून मार खात होता. तरी त्यांची माणसं गात होती. तेवढ्यात समोरच्याला पेनल्टी मिळाली आणि वेदरलीचा गोलकीपर, अल्फ पेनरोज, त्यानं ती अडवली.

"हरले की पण," कालिंदीआत्या म्हणाल्या.

"चार-एक," काका म्हणाले. "पण पेनल्टी अडवली."

बस, त्या दिवसापासून श्रीधर वेदरलीचा झाला. शॉर्टवेव्हचं असं असतं, की लाट वर जाऊन आकाशातल्या थराला आपटून खाली येते, आणि तो थर काही आपल्या बापाचा नोकर नसतो. कधी मॅच स्वच्छ ऐकू यायची, कधी ऐन गोलाच्या वेळी समुद्रात बुडायची. श्रीधरनं गच्चीवर दोन बांबू रोवून त्यांच्यात तांब्याची तार ताणली. त्यावर मनकर्णाआत्या कपडे वाळत घालायची म्हणून दोघांची रोज तकरार. वेदरलीचा रंग निळा आहे असं कळल्यावर त्यानं धुण्याची नीळ कालवून आपला गंजीफ्रॉक रंगवला. तो पहिल्याच घामात उतरला आणि पोरगं आठवडाभर गळ्यापासून कमरेपर्यंत निळं होतं. पेनरोजचा फोटो त्यानं कधी पाहिला नव्हता. पाणचक्कीजवळच्या तालमीत एक लांब हातांचा पैलवान होता, पेनरोज तसाच असणार असं त्यानं ठरवून टाकलं.

घरात पेनरोजचं नाव दूरच्या नातेवाइकासारखं झालं होतं. "काय म्हणतोय तुझा पेनरोज?" मनकर्णाआत्या रविवारी सकाळी विचारायची, आणि उत्तर ऐकायला थांबायची नाही.

त्या वर्षी माघात कालिंदीचं लग्न होतं. पैठणचे वामनराव हे शाळामास्तर, त्यांचा मुलगा मुकुंद इरिगेशन खात्यात ओव्हरसिअर. स्थळ छान. मुलगाही कालिंदीला पसंत होता. पण हे लग्न दोनदा ठरून दोनदा पुढं गेलं होतं. पहिल्यांदा तिकडचे आजोबा वारले. दुसऱ्यांदा, अगदी पत्रिका वाटून झाल्यावर, सोयगावला लासूरकरांचे एक चुलते गेले. सुतकात लग्न कसं व्हायचं? तेव्हा मुकुंदची आई अन्नपूर्णाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "दोनदा देवानं नको म्हणून सांगितलं. आता तिसऱ्यांदा काही आडवं आलं, तर हे लग्न त्याच्या मनातच नाही असं मी समजेन आणि मुकुंदासाठी दुसरी मुलगी बघेन." बाई खोटं बोलणारी नव्हती. म्हणून तर भीती होती.

शास्त्र असं, की लग्नाच्या आदल्या दिवशी एकदा देवक बसलं की मग सुतक आलं तरी लग्न अडत नाही. लग्न गुरुवारचं होतं, देवक बुधवारी संध्याकाळी. म्हणजे काय ते बुधवारपर्यंत निभावायचं होतं. मनकर्णाआत्या त्या दिवसांत सगळ्या म्हाताऱ्या भाऊबंदांच्या तब्येतींची चौकशी करत होती. कुणी लासूरकडून आलं की पहिला प्रश्न, "भाऊकाकांचा खोकला कसाय?"

"आहे तसाच."

"त्यांना म्हणावं, बुधवारपर्यंत दम धरा. मग काय करायचं ते करा."

अशात तो रविवार उजाडला. चुना देण्यासाठी घरातलं सगळं सामान मधल्या खोलीत आणून ठेवलं होतं. श्रीधरनं सकाळच्या बातम्यांसाठी रेडिओ लावला. आदल्या दिवशी वेदरली जिंकली होती, त्याचं चार शब्दांत तरी कौतुक ऐकायला मिळेल म्हणून तो कान लावून बसला होता. कौतुकाऐवजी बातमी आली, की सामन्याहून परत येताना वेदरलीच्या संघाची बस बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली. बरेच खेळाडू जखमी आहेत. गोलकीपर अल्फ पेनरोज मरण पावला.

श्रीधरनं रेडिओ बंद केला. घरात मरणाची खबर आली की काय करतात हे भिक्षुकाच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. त्यानं रेडिओवर पांढरं फडकं टाकलं. अंगणातल्या हौदावर गेला आणि अंगातल्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं. माघातली सकाळ, बर्फासारखं पाणी. एक तांब्या, दुसरा तांब्या, आणि मग तो तिथंच हौदाच्या कडेला बसून रडायला लागला.

त्याच वेळी भागूबाई दुधाची चरवी घेऊन दारातून आत आली. हर्सूलची बाई, बारा वर्षं त्या घरी दूध घालत होती.

"काय झालं रं लेकरा?"

"गेला, मावशी."

"अगं बया! कोन गेला?"

"आमचा पेनरोज."

भागूबाईला पेनरोज कोण ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण 'आमचा' म्हटल्यावर तिच्या काळजात धस्स झालं.

"तुमचा कोन लागत व्हता त्यो?"

"तुम्हाला नाही कळायचं, मावशी."

भागूबाईनं दूध ओतलं आणि गुपचूप गेली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण लग्नघरी, देवक बसायच्या आधी, पोरगं डोक्यावरून अंघोळ करून रडतंय आणि घरात मात्र चुना देणं चालू आहे, याचा अर्थ कुणीही काय लावेल? मयत झाली आहे आणि लग्नासाठी लपवली आहे. तिचं दूध खडकेश्वरात अन्नपूर्णाबाईंच्या मावसबहिणीकडेही जायचं. तिथं तिनं हौदावर पाहिलं-ऐकलं ते सांगितलं आणि वर एवढंच म्हणाली, "लई वंगाळ झालं बघा लासूरकरांकडं. बिचारे कुनाला बोलंनात."

इकडे दुपारी शेजाऱ्यांकडे कालिंदीचं केळवण होतं. पुरणपोळीचा बेत. श्रीधरनं पुरण बाजूला सारून वरणभात खाल्ला. घरी येताना कालिंदीनं त्याला बोळात गाठलं.

"पुरण का सोडलंस? पोट बिघडलंय?"

त्यानं सांगितलं. बोलता बोलता पुन्हा त्याचे डोळे भरून आले. कालिंदी हसली नाही. त्या नुसत्या ऐकलेल्या पेनरोजमुळे आपला भाऊ शनिवारभर खूश असतो, हे तिला ठाऊक होतं.

"मग आता?"

"दहा दिवस गोड नाही आणि रेडिओ नाही."

"दहा दिवस? श्रीधर, गुरुवारी माझं लग्न आहे."

"मी कुठं म्हणतोय तुम्ही पाळा? माझं मी पाळतो."

"पाळ बाबा. पण बुधवारपर्यंत हे नाव तोंडातून काढू नकोस. आत्याला कळलं तर जीव घेईल."

"कुणाचा?"

"तुझा रे! तो तर गेला बिचारा."

फडक्याखालच्या रेडिओचा कुणाला संशय आला नाही. आत्याला वाटलं, चुन्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून पोरानं शहाणपणा केला. पहिल्यांदाच तिनं त्याचं कौतुक केलं.

मंगळवारी दुपारी पैठणच्या बसनं वामनराव आणि अन्नपूर्णाबाई न कळवता येऊन दारात उभे राहिले. श्रीनिवासराव रजेवर होते, अंगणात मांडववाल्याशी बांबूंचं बोलत उभे होते. व्याही-विहीण लग्नाच्या दोन दिवस आधी अशी येतात तेव्हा ती चहाला येत नसतात. श्रीनिवासरावांनी हात धुतले आणि पाट मांडले. अन्नपूर्णाबाई उभ्याच राहिल्या.

"पाणीसुद्धा नको, दादा. आधी सांगा, कोण गेलं?"

"कोण गेलं म्हणजे?"

"लपवू नका. माझ्या बहिणीकडे खबर आली आहे. रविवारी सकाळी तुमच्या मुलानं सचैल स्नान केलं. हौदावर बसून रडत होता. आमचा गेला म्हणाला. सोयगावचे कुणी? का लासूरचे?"

मनकर्णाआत्या स्वयंपाकघरातून पीठ भरल्या हातानं बाहेर आली. "अहो विहीणबाई, भाऊकाका खोकतायत अजून! कालच माणूस येऊन गेला."

"मग हा मुलगा कुणासाठी रडला?"

श्रीनिवासरावांनी मुलाला हाक मारली. श्रीधर येऊन उभा राहिला. दाराआड कालिंदी होती. ती म्हणते, त्या क्षणी तिला वडिलांची किंवा सासूची भीती वाटली नाही. भीती वाटली ती श्रीधरच्या खरेपणाची. हा पोरगा आता खरं बोलणार आणि त्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही.

"कोण गेलं रे?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"पेनरोज."

"कोण?"

"वेदरलीचा गोलकीपर. बसचा अपघात झाला. मी रेडिओवर ऐकलं."

मग अन्नपूर्णाबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा. काहीतरी सांगायचं म्हणून सांगतायत. विलायतेत कुणी गोरा मेला म्हणून बामणाचा पोरगा औरंगाबादेत सुतक धरतो, हे मी पैठणला जाऊन कुणाला सांगू? लोक मलाच हसतील. जे असेल ते सांगितलं असतं तर मी रागावले नसते हो. पण लपवून मुलगी द्यायची?"

"आम्ही काही लपवलेलं नाही," श्रीनिवासराव म्हणाले. शपथ घ्यायला त्यांनी जानव्याला हात घातला आणि तो तसाच राहिला. दोनदा लग्न पुढं गेलेल्या मुलीचा बाप शपथेवर खोटं बोलेल, असं समोरच्याला वाटत असेल तर शपथेचा काय उपयोग?

वामनराव मास्तर होते. उस्मानियात शिकलेले, मोजकं बोलणारे. ते श्रीधरला म्हणाले, "रेडिओवर ऐकलंस ना? मग एवढी मोठी बातमी पुन्हा येईल. लाव रेडिओ. मला समजतं इंग्रजी."

"नाही लावता येणार."

"का? बिघडलाय?"

"नाही. सुतक आहे. सुतकात रेडिओ लावत नाहीत."

मनकर्णाआत्यानं कपाळावर हात मारला, तो पिठासकट. "अरे मुडद्या! तुझ्या बहिणीचं लग्न मोडायला आलंय!"

"मला माहीत आहे, आत्या. पण नियम म्हणजे नियम. तूच सोयगावच्या काकांच्या वेळी माझी मॅच बंद केली होतीस. कपचा सामना होता."

आत्या पदराला हात पुसायला लागली, कारण ते खरं होतं. मुलगा रडवेला झाला होता, पण जागचा हलेना. लग्न वाचवावं म्हणून त्याचाही जीव तुटत होता, आणि मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडवतही नव्हता. कालिंदी दाराआडून हात जोडत होती, तिच्याकडे तो बघतच नव्हता.

तेव्हा श्रीनिवासराव पुढं झाले. बापाचा आवाज त्यांनी बाजूला ठेवला आणि यजमानाकडे बोलतात त्या आवाजात विचारलं, "श्रीधर, मयताचं गोत्र काय?"

श्रीधर गोंधळला. "त्यांच्यात नसतं. वेदरली म्हणा."

"वेदरली गोत्र आपल्यात आहे?"

"नाही."

"सोयरा आहे? मामा, मावसा, व्याही?"

"नाही."

"मग कोण?"

श्रीधरनं बराच विचार केला. "स्नेही," तो म्हणाला.

"ठीक आहे. परगोत्री, परदेशी स्नेही. त्याचं सुतक फार तर एक दिवस. तू रविवारी सकाळी स्नान केलंस, त्याच दिवशी ते फिटलं. दहा दिवस कुणी सांगितले तुला?"

"मला वाटलं..."

"इतकी वर्षं या घरात जेवतोस आणि मला विचारावंसं वाटलं नाही? शास्त्र काय आकाशवाणीवर सांगतात? सुतक संपलंय. फडकं काढ."

अन्नपूर्णाबाईसुद्धा पाटावर टेकल्या. शास्त्राचं बोलणं चालू असताना उभं राहणं त्यांना बरं वाटलं नसावं.

श्रीधरनं फडकं काढलं, तार जोडली, बटण फिरवलं. रेडिओ तापायला लागला. पण अजून ऊन होतं, आणि उन्हात त्या पट्ट्यावर नुसती खरखर. दिवस कलल्याशिवाय लाट नीट येत नाही. बसची वेळ जवळ येत होती. वामनरावांनी एकदा टोपी घातली, एकदा काढली. आत्यानं न विचारता चहा आणून ठेवला आणि अन्नपूर्णाबाईंनी तो न बोलता घेतला. कालिंदी म्हणते, त्या चहाला त्यांनी नाही म्हटलं नाही तेव्हा पहिल्यांदा तिला थोडा श्वास घेता आला.

"एवढं काय असतं हो त्या खेळात?" मधेच अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"बावीस जण एका चेंडूमागं पळतात," आत्या म्हणाली. "आणि हा माझ्या धुण्याच्या तारेवर बसून ऐकतो."

"ती एरियल आहे, आत्या."

"असेल. पातळं चांगली वाळतात तिच्यावर."

अन्नपूर्णाबाईंच्या ओठांना थोडी मुरड पडली. पण लगेच त्यांनी तोंड सरळ केलं.

ऊन गच्चीवरून उतरलं आणि खरखरीतून हळूहळू माणूस बोलायला लागला. वामनराव रेडिओला कान लावून बसले, श्रीधर दुसऱ्या बाजूनं. बातम्या लांबत चालल्या. कुठल्याशा देशात निवडणूक होती, कुठं संप होता. आवाज मोठा व्हायचा आणि बुडायचा. वामनराव प्रत्येक बातमी मराठीत सांगत होते आणि प्रत्येक वेळी आत्या विचारत होती, "मेला का पण तो?"

"थांबा हो. खेळाच्या बातम्या शेवटी असतात."

मग खेळांच्या आल्या. वेदरली हा शब्द सगळ्यांनाच ऐकू आला. त्या शब्दानंतर आवाज पुन्हा बुडाला. श्रीधरनं काट्याला केसभर धक्का दिला. आवाज वर आला.

वामनरावांनी हात वर केला. "वेदरलीची बस... हो, अपघात झालाच होता... बरोबर आहे, पोरगा खरं बोलतोय... पेनरोज म्हणतोय... थांबा." त्यांनी चष्मा काढला, जणू चष्म्यामुळे ऐकू येत नव्हतं. "आधीची बातमी चुकीची होती. त्याला वेगळ्या दवाखान्यात नेलं होतं म्हणून गोंधळ झाला. खांद्याचं हाड मोडलंय. शुद्धीवर आल्यावर त्यानं चहा मागितला आणि विचारलं, आपणच जिंकलो ना?"

श्रीधरला हे वामनरावांच्या आधीच कळलं होतं. तो जमिनीवर बसला होता आणि हसत होता, आणि हसता हसता रडत होता. मग उठला आणि समोर जो दिसेल त्याच्या पाया पडत सुटला. वडिलांच्या, आत्याच्या, वामनरावांच्या, अन्नपूर्णाबाईंच्या. शेवटी रेडिओच्याही. मग दाराआड धावला आणि कालिंदीच्या पाया पडला.

"अरे माझ्या कशाला?"

"असू दे ग, ताई. जिवंत आहे! रविवारपासून जिवंतच होता!"

अन्नपूर्णाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. खोटं रडता येतं. लग्नघरात खोटं हसताही येतं. पण असं काही कुणी शिकवून येत नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"कावळा शिवला असेल मेल्याला," मनकर्णाआत्या म्हणाली.

कुणाच्या डोक्याला कावळा शिवला तर तो अपशकुन. तो टळावा म्हणून आपल्याकडे जवळच्या माणसांना मुद्दाम निरोप धाडत, की अमका गेला. ती रडली, की मरण फसून परत जातं आणि ज्याला कावळा शिवला त्याचं आयुष्य वाढतं. अन्नपूर्णाबाईंनी हे स्वतःच्या भावासाठी केलेलं होतं. त्यांनी मान हलवली.

"तसंच झालं असणार. आणि रडायला कुणीतरी जवळचं लागतं. त्याला तिथं कुणी मिळालं नसेल."

"हा मिळाला," आत्या म्हणाली.

"म्हणजे आडवं यायचं होतं ते आलं आणि खोटं ठरून गेलं," वामनराव हळूच बायकोला म्हणाले. "तिसऱ्यांदाचं झालं ना आता?"

अन्नपूर्णाबाईंनी क्षणभर विचार केला. तेवढ्या वेळात, काका म्हणतात, अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, श्वास घेतला नव्हता.

"झालं," त्या म्हणाल्या. "पण श्रीनिवासराव, देवक संध्याकाळी नको. सकाळीच बसवा. त्या वेदरलीत अजून किती जण आहेत?"

"दहा," श्रीधर म्हणाला. "आणि राखीव वेगळे."

"तर मग सकाळी अगदी लवकर बसवा."

आधी हसले ते श्रीनिवासराव. मुलांनी त्यांना असं पोटभर हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. दाराला टेकून ते इतके हसले की मांडववाला आत डोकावून बघून गेला. व्याह्यांना बसवून द्यायला ते स्वतः स्टँडवर गेले, आणि परत आल्यावर म्हणाले, "मनकर्णे, भूक लागली." पहिल्यांदा लग्न पुढं गेल्यापासून त्यांनी असं आपणहून जेवायला मागितलं नव्हतं.

बुधवारी दिवस वर यायच्या आत देवक बसलं. आत्यानं देवापुढं हात जोडले आणि म्हणाली, "आता भाऊकाकांना कळवा, खोकायला हरकत नाही."

वेदरली त्या मोसमात शेवटची आली आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. पेनरोज पुढं दोन वर्षं खेळला. श्रीधर मॅट्रिक झाला, तारांच्या नादातून टेलिफोन खात्यात लागला, आणि बदली कुठंही झाली तरी शनिवारी वेदरली कुठं लागते ते शोधत राहिला. इंग्लंडला तो कधी गेला नाही. जावंसं वाटलं नाही का, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, "तिथं जाऊन काय करू? तिकडच्या लोकांना मॅच समोर दिसते. मग ते ऐकत नाहीत."

गुरुवारी लग्न लागलं. संध्याकाळी पैठणच्या वऱ्हाडाची बस अंगणाबाहेर लागली. निरोपाच्या वेळी आत्या रडली, शेजारणी रडल्या, मांडवाच्या खांबाआड तोंड करून श्रीनिवासरावही रडले. भागूबाई सगळ्यांत मोठ्यानं रडत होती, कारण तिला अजून पेनरोज कोण ते कुणी सांगितलं नव्हतं आणि आपल्यामुळे काय होता होता राहिलं ते मात्र सांगितलं होतं. कालिंदी तेवढी हसत होती. दात दिसतील अशी.

"अगं, थोडं तरी रड," एक म्हातारी तिच्या कानाशी म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"दोनदा रडून बसलेय, आजी," कालिंदी म्हणाली. "आता जाऊ द्या मला."

आणि ती पटकन बसमध्ये चढून खिडकीजवळच्या जागेवर मुकुंदच्या शेजारी जाऊन बसली.